सात वाजताची खिडकी

तुर्भ्याच्या शीतगृहात, आवक-जावकीच्या टेबलावर
मी बसवून दिलेला प्रोग्राम नवव्या वर्षात होता.
चिंच, सफरचंद, ब्याडगी मिरची,
कुणाची किती पोती, कुठल्या खोलीत, भाडं किती थकलं,
सगळं त्याच्या पोटात.
संध्याकाळी सातला तो बाहेरच्या एका छोट्या प्रोग्रामला हाक मारायचा:
बाबा रे, आजची नक्कल करून ठेव.
तेव्हा पडद्यावर काळी खिडकी उघडायची.
डोळा लवला की गेलेली.

"ती काळी डबी काढ," छेडाशेठ म्हणाले,
"पार्टी समोर बसलेली असते. तिला व्हायरस वाटतो."

अवघड नव्हतं.
हाक मारायच्या ओळीत शेवटी एक आकडा असतो:
खिडकी मोठी, की लहान, की नाहीच.
मी एक खोडून शून्य लिहिलं.
हात होताच म्हणून नकलांची नावंही आखूड केली.
चहा यायच्या आत काम संपलं.
बिल मात्र दोन तासांचं लावलं.

दुसऱ्या दिवशी मढवीबाईंचा फोन.
पावण्याहून चालत येतात, टेबल त्यांचं.
"खिडकी येत नाही. झालं असं कसं समजू?"
म्हटलं, होतंय. दिसत नाही इतकंच.
"बरं," म्हणाल्या,
आणि त्या 'बरं'चा अर्थ
मला अकरा महिने लागला नाही.

जूनमध्ये मशीन अडखळायला लागलं.
डिस्क आतून सुपारी कातरल्यासारखी वाजत होती.
मी यादी उघडली, आत्ता काय काय चालू आहे त्याची.
एक नाव. खाली तेच नाव. त्याखाली तेच.
मागच्या खेपेला वीज गेली तेव्हापासूनचे त्रेचाळीस.
त्याआधीचे किती, ते विजेसोबत गेले.
एकही मेलेला नव्हता.
एकही काम करत नव्हता.

शून्य खोडून परत एक लिहिला, बटण दाबलं.
खिडकी आली, आणि या वेळी गेली नाही.
काळ्यावर पांढरं:
या नावाची फाइल आधीच आहे. तिच्यावर लिहू?
हो की नाही?
पुढे ती रेघ, लुकलुकत.

आखूड केलेल्या नावात मी तारीख ठेवली होती,
महिना ठेवला नव्हता.
पहिला महिना सुरळीत गेला.
मग परत एक तारीख आली, जागा भरलेली दिसली,
आणि त्याने विचारलं.
अदबीने, रोज सातला,
ज्या खोलीला मीच दार ठेवलं नव्हतं तिथून.

शेठ काही बोलले नाहीत. पंख्याचं बटण चालू-बंद करत राहिले.
मढवीबाईंनी खालच्या खणातून वह्या काढल्या.
तीन. कापडी पाठीच्या, गारठ्याने फुगलेल्या.
"दिसेना, मग लिहीत गेले."
लॉट, खोली, पोती.
आतल्या थंडीत पेन चाललं नाही तिथे पेन्सिल.

सहा दिवस त्या वाचत होत्या, मी टाइप करत होतो.
बाहेर ट्रक मागे येताना ओरडत होते,
अमोनियाचा वास शर्टात बसला होता.
चार नंबर खोली, दोनशे दहा पोती,
आईचं ऑपरेशन, अर्धा दिवस,
सहा नंबर खोली.
तेही मी टाइप करून गेलो, शेऱ्याच्या रकान्यात.
काढलं नाही.

परवा सातला तिथेच होतो.
खिडकी उघडली, मिटायच्या बेतात थबकली,
काहीतरी विचारू लागली, नवंच.
"हो दाबू का नाही?" मढवीबाईंचं बोट अधांतरी.
थांबा, म्हटलं, आधी वाचू तरी.
चश्मा शोधेपर्यंत
ती रेघ लुकलुकत होती,
तिला घाई नव्हती.